कोको: सापळ्यांना माणसांचे चेहरे कसे मिळाले? (रहस्यभेद आहे)

रेघोटी

पिक्सारचा 'कोको' २०१७ साली आला. २०१८ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपट आणि सर्वोत्कृष्ट गाणं अशी दोन ऑस्कर मिळाली. तेव्हापासून त्याचा विषय निघाला की शेवटी किती रडू आलं हेच बहुतेक जण सांगतात. मलाही दर वेळी येतं. पण ते रडू शेवटच्या पाच मिनिटांत तयार होत नाही. ते पहिल्या प्रसंगापासून एकेका पात्राच्या अंगावर, चालण्यात, हातांत पेरून ठेवलेलं आहे. त्या पेरणीबद्दल नीट बोलायचंय म्हणून हा धागा. पाहिला नसेल तर आधी पाहून या, खाली सगळं फोडलंय.

गोष्ट थोडक्यात: मेक्सिकोतलं सांता सेसिलिया गाव. बारा वर्षांचा मिगेल. घराणं चपला-बूट बनवणारं, आणि घरात गाण्याला पिढ्यानपिढ्या बंदी, कारण खापरपणजोबा गाण्यापायी घर सोडून गेले ते परतलेच नाहीत. मृतांच्या सणाच्या रात्री मिगेल जिवंतपणीच मृतांच्या नगरीत जाऊन पडतो. तिथून पुढे पडद्यावरची जवळपास सगळी माणसं म्हणजे सापळे.

आता सापळा हे अभिनयासाठी किती अवघड माध्यम आहे बघा. नाक नाही, ओठ नाहीत, गाल नाहीत. आपण रागावतो, लाजतो, ओशाळतो ते सगळं चेहऱ्याच्या मऊ भागात, आणि नेमका तोच भाग गायब. इथे त्यांनी डोळे ठेवले, पापण्या ठेवल्या, आणि कवटीवर रंगीत नक्षी काढली. सणाला तिकडे साखरेच्या कवट्या सजवतात, त्यातूनच आलेली ही नक्षी. पण ती नुसती शोभेची नाही. डोळ्यांभोवतीच्या रेषा भुवयांचं काम करतात, तोंडाजवळच्या रेषा ओठांचं. खोबणीच्या वरची कड हाडाची असूनही भुवईसारखी चढते-उतरते. हाड असं हलत नाही हे आपल्याला माहीत असतं, तरी एकदाही खटकत नाही.

माझं सगळ्यात लाडकं पात्र हेक्टर. घर सोडून गेलेले खापरपणजोबा ते हेच, हे पुढे उलगडतं. त्याची हाडं बघा: पिवळट, मळकी, जागोजागी चिरा गेलेली. त्याच नगरीतला नावाजलेला गायक अर्नेस्टो दे ला क्रूझ बघा: पांढरीशुभ्र कवटी, रुंद हनुवटी, कपाळावर केसांची बट, कडक पांढरा पोशाख. ज्याला जिवंत जग विसरत चाललंय त्याची हाडं पिवळी पडतात, आणि ज्याचे पुतळे उभे आहेत त्याची चकाकतात. यावर कोणी भाषण देत नाही. हेक्टर ज्या झोपडवस्तीत राहतो तिथले सगळेच तसे पिवळे दिसतात, तेव्हा आपोआप कळतं. घर चपला-बुटांचं, आणि याच्या पायांत धड जोडासुद्धा नाही!

शिवाय त्याची चाल. जुन्या खिळखिळ्या खाटेसारखा तो चालतो. गुडघा एकीकडे, पाऊल दुसरीकडे, आणि प्रत्येक पावलागणिक सांधे थोडे उशिराने जागेवर येतात. चौकात 'उन पोको लोको' गाताना हाच ढिलेपणा नाचाच्या कामी येतो. हात सुटतो, मान फिरते, आणि तो ते खुशाल मिरवतो. या माणसाने सगळं गमावलंय आणि उरलेल्यावर तो भागवतोय, हे त्या नाचातून कळतं. इतिहास नंतर येतो, शरीर आधी सांगून टाकतं.

आणि मामा कोको, म्हणजे मिगेलची पणजी, हेक्टरची मुलगी (तिकडे 'मामा' म्हणजे आई). तिच्याबद्दल सविस्तर लिहायचंय, पण आधी तुमची मतं येऊ द्या.

---

खिडकीतलीमांजर

सुंदर धागा. वाचनखूण साठवली आहे. मामा कोकोवर लवकर लिहा.

---

सहातारा

गिटार वाजवतो, त्यामुळे मला या चित्रपटाबद्दल बोलायचं ते हातांबद्दलच.

पडद्यावर कोणी गिटार वाजवत असेल तर मी सवयीने डाव्या हाताकडे बघतो. खऱ्या नटांच्या चित्रपटांतही बहुतेक वेळा निराशा होते. सूर बदलतो, बोटं तिथेच. 'कोको'त मिगेल माळ्यावरच्या त्याच्या लपायच्या जागेत, स्वतः जोडजाड करून बनवलेल्या गिटारवर, दे ला क्रूझच्या जुन्या चित्रफिती बघत वाजवतो. तिथे कॉर्ड बदलते तेव्हा बोटं बदलतात. उजव्या हाताची कुठली बोटं कुठली तार ओढतायत तेही आवाजाशी जुळतं. यासाठी पिक्सारने वादकांचं चित्रण केलं होतं, गिटारवरच छोटे कॅमेरे बसवून. अ‍ॅनिमेटरसमोर बोटांचा अगदी जवळून घेतलेला नमुना होता.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं. 'रिमेंबर मी' हे गाणं चित्रपटात वेगवेगळ्या माणसांच्या हातून येतं. अर्नेस्टो ते मंचावर गातो तेव्हा अख्खा खांदा फिरतो, हात मोठा, तोंड सतत प्रेक्षकांकडे. हेक्टर तेच गाणं आपल्या लहान मुलीसाठी वाजवतो तेव्हा हात जवळजवळ हलतच नाही, फक्त बोटं. गिटार अंगाशी, नजर मुलीवर. शेवटी मिगेल पणजीसमोर वाजवतो ते हेक्टरच्या ढंगात, अर्नेस्टोच्या नाही. आयुष्यभर ज्याची नक्कल करत शिकला त्याची पद्धत पोराने सोडून दिलीय, हे फक्त उजव्या हाताकडे बघून कळतं.

आणि हेक्टर चिचार्रोनसाठी, म्हणजे जगाने विसरलेल्या आपल्या मित्रासाठी, वाजवतो तो प्रसंग. तिथे त्याची बोटं म्हणजे निव्वळ हाडं, पेराला मांस नाही. तरी तार ओढायची लकब तीच, जी नंतर जिवंतपणीच्या आठवणीत दिसते. हात ओळखू येतो.

---

वायअक्ष

या क्षेत्रात काम करतो (रिगिंग), म्हणून थोडी आतली बाजू सांगतो.

संगणकावर पात्र हलवण्यासाठी त्याच्या आत सांध्यांचा सांगाडा बसवतात. त्याला आम्ही रिग म्हणतो. माणसाचं पात्र असेल तर वरची त्वचा बऱ्याच गोष्टी झाकते. कोपर वाकवताना आत थोडं काही चुकलं तरी वरून सावरता येतं. सापळ्यात झाकायला काहीच नाही. कोपराच्या दोन हाडांमधली फट उघडी दिसते. ती फार मोठी झाली तर हात तुटल्यासारखा वाटतो, अगदी गेली तर हाडं एकमेकांत घुसतात. त्यात हेक्टरसारख्या पात्राची हाडं सुटून लांब जायला हवीत आणि परत नेमक्या जागी यायला हवीत, शिवाय हे अ‍ॅनिमेटरला हवं तेव्हा, हवं तितकंच करता आलं पाहिजे.

कपडे तर त्याहून अवघड. कापडाची हालचाल गणिताने सोडवली जाते: खाली शरीर आहे, त्यावर कापड टेकतं, घसरतं, चुण्या पडतात. सापळ्याला खाली सलग शरीरच नाही. सदरा बरगड्यांच्या मधे ओढला जातो, कमरेच्या हाडात अडकतो, दोन हलत्या हाडांच्या चिमटीत सापडला की आमच्या भाषेत सिम फुटतं, म्हणजे कापड वाटेल तसं उडायला लागतं. 'कोको'च्या लोकांना हा त्रास भरपूर झाला होता. आता त्याच चित्रपटात इमेल्दाचा (मिगेलची खापरपणजी, हेक्टरची बायको) पायघोळ पोशाख, अर्नेस्टोचा नक्षीदार कोट, हेक्टरचं फाटकं जाकीट बघा. तिन्ही कापडं वेगळ्या वजनाची वाटतात. हेक्टरचं जाकीट बरगड्यांवर लोंबतं, आणि त्या लोंबण्यात भूक दिसते. एवढी डोकेफोड करून झाल्यावर ती भूक दिसली पाहिजे हा आग्रह कोणीतरी शेवटपर्यंत धरला, त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

---

जुनाजाणता

सापळे नाचवण्याची हौस अ‍ॅनिमेशनला पहिल्यापासूनची. डिस्नेचा 'द स्केलेटन डान्स' १९२९ चा, अब आयवर्क्सच्या हातचा. त्यात एक सापळा दुसऱ्याच्या हाडांवर झायलोफोनसारखं वाजवतो. जमलं तर दोन्ही लागोपाठ बघा. १९२९ ची हाडं रबरासारखी ताणतात, वाकतात. 'कोको'तली ताणत नाहीत, ती सुटतात आणि परत जुळतात. हाड कडक आहे हे एकदा मान्य केलं, म्हणून चिचार्रोन विरघळतो तेव्हा धक्का बसतो.

---

शंकासूर_नाही

लेख आवडला, पण सगळं पटलं नाही, म्हणून लिहिते.

मेक्सिकोतल्या सापळ्यांच्या चित्रांची परंपरा होसे ग्वादालुपे पोसादाशी जोडली जाते. हा १८५२ ते १९१३ या काळातला छापचित्रकार. त्याची मोठी टोपी घातलेली सापळाबाई सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिली असेल. ती श्रीमंतीचा तोरा मिरवणाऱ्यांची खिल्ली होती. कितीही नटलात तरी आत हाडंच, असं तोंडावर सांगणारी. त्या चित्रांना धार आहे, दात विचकलेले आहेत. 'कोको'त ती धार घासून गुळगुळीत केलीय. सगळ्यांचे डोळे टपोरे, दात एकसारखे, बायकांच्या कमरा नाजूक. मृत्यूनंतरही इतकं देखणं राहायची सक्ती कशाला? मुलांचा चित्रपट आहे हे मान्य, पण मुलं थोडं विद्रूप सहज पचवतात.

बाकी सहातारा यांचं उजव्या हाताचं निरीक्षण एक नंबर.

---

रेघोटी

@शंकासूर_नाही, पोसादाचा मुद्दा रास्त आहे. गर्दीतले सापळे मलाही जरा जास्तच नीटस वाटतात. कमरांबद्दल तर शंभर टक्के सहमत.

पण धार अगदीच गेलीय असं मला वाटत नाही. ती चेहऱ्यांतून काढून व्यवस्थेत ठेवलीय. मृतांच्या नगरीतही सीमेवर तपासणी आहे. घरच्यांनी फोटो लावला असेल तरच पलीकडे सोडतात. हेक्टर चित्रकार फ्रीडा कालोचं सोंग घेऊन निसटू बघतो आणि पकडला जातो. मग पाकळ्यांच्या पुलावरून धावत सुटतो आणि पाय आत रुततात. बाकीचे त्याच पुलावरून रमतगमत जात असतात. मेल्यावरही गरीब गरीबच राहतो, हे पोसादाला पटलं असतं असं मला वाटतं.

आणि चिचार्रोन. झोळीत पडलेला, चिडका, शेवटचं गाणं ऐकायला मागणारा. त्याची आठवण काढणारं कोणी उरत नाही आणि तो सोनेरी कण होऊन विरतो. त्या प्रसंगात गुळगुळीत काहीही नाही.

---

टेक्सासचीसाळुंकी

आमच्या भागात मेक्सिकन शेजार भरपूर. ऑक्टोबरअखेर घराघरांत ओफ्रेंदा मांडली जाते. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, गेलेल्यांचे फोटो, त्यांच्या आवडीचं खाणं, मेणबत्त्या, आणि झेंडूच झेंडू. झेंडू मूळचा तिकडचाच. दसऱ्याची तोरणं काढतो न काढतो तोच शेजारणीकडे तीच फुलं दिसतात, तेव्हा फार आपलेपणा वाटतो. चित्रपटात त्या पाकळ्यांचाच पूल केलाय, आणि पाकळ्या पायाखाली दबतात, उजळतात, विखुरतात. कुणी फुलं वाहिलेल्या जमिनीवरून चाललं असेल त्याला ते लगेच ओळखता येतं.

या चित्रपटाची एक पार्श्वभूमीही सांगते. २०१३ मध्ये डिस्नेने या सणाच्या नावाचाच ट्रेडमार्क घ्यायचा घाट घातला होता. लोक भयंकर चिडले. लालो अल्काराझ या व्यंगचित्रकाराने त्यावर जळजळीत चित्र काढलं, आणि डिस्नेला अर्ज मागे घ्यावा लागला. पुढे त्याच अल्काराझला पिक्सारने सल्लागार म्हणून बोलावलं, आणखीही काही जण होते. अशा सल्ल्याने पात्रं कशी बदलतात याचं उदाहरण म्हणजे आजीची चप्पल. सुरुवातीला आजीच्या हातात लाकडी डाव होता. सल्लागार म्हणाले, डाव कसला, चप्पल पाहिजे! आता ती आजी चपलेशिवाय डोळ्यांसमोर आणून दाखवा. पायातली चप्पल काढून हातात यायला तिला क्षणही लागत नाही, आणि मारून झालं की लगेच नातवाला छातीशी घट्ट धरते. दोन्ही क्रिया एकाच वजनाच्या. माझ्या आजीची हीच रीत होती.

---

गावठीचा_मालक

दांतेबद्दल कोणीच कसं बोललं नाही? तो शोलोइत्झक्विंतली जातीचा, मेक्सिकोचा बिनकेसांचा कुत्रा. जीभ बाजूने कायम लोंबते ती केवळ गंमत म्हणून नाही. या कुत्र्यांत केस नसण्याच्या गुणाबरोबर दात कमी असण्याचा गुणही येतो, त्यामुळे अनेकांची जीभ खरंच बाहेर राहते. अ‍ॅझ्टेक समजुतीनुसार हाच कुत्रा मेलेल्याला वाट दाखवतो, म्हणजे त्याची निवडही विचारपूर्वक आहे.

केस नसल्यामुळे खांद्याची हाडं कातडीखाली सरकताना दिसतात. बसताना आधी मागचं धूड टेकतं, मग पुढचे पाय घसरतात. कुत्रा पाळलेल्या माणसाने केलंय हे काम, पैजेवर सांगतो.

---

दोनपिलं

मुलगा सहा वर्षांचा आहे, अंधाराला घाबरतो. दाखवावा का? सापळे बघून झोप उडेल का?

---

टेक्सासचीसाळुंकी

@दोनपिलं, बिनधास्त दाखवा, फक्त शेजारी बसा. स्मशानात पहिल्यांदा सापळे दिसतात तिथे मिगेलच इतका दचकतो की मुलांना हसू येतं, आणि लगेच ते मिगेलचे काका-आत्या-पणजोबा निघतात आणि मिठ्या मारायला लागतात. हाडांपेक्षा अर्नेस्टोने मित्राला विष दिलं ते मुलांना जास्त लागतं. त्यावर नंतर बोलावं लागेल.

---

रेघोटी

तर मामा कोको.

पहिल्यांदा दिसते तेव्हा मिगेल तिला सगळं सांगत असतो आणि ती त्याला ज्युलिओ म्हणते. दोन पांढऱ्या वेण्या, अंगावर शाल, चाकाची खुर्ची. तिच्या चेहऱ्यावर सुरकुत्या किती आहेत यापेक्षा त्या कुठल्या दिशेने जातात ते बघा. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या हसणाऱ्या बाईच्या आहेत. ओठ आत वळलेत, गालांची कातडी सैल होऊन खाली आलीय. म्हाताऱ्या माणसाचं पात्र करताना नेहमीच्या चेहऱ्यावर रेघा मारून काम भागवतात. इथे वजन उतरलंय, कातडीखालचं मांस कमी झालंय, आणि राहिलेलं गुरुत्वाकर्षणाने खाली ओढलंय.

शेवटच्या प्रसंगात मिगेल धावत येतो, हाका मारतो, तिला हलवतो. काहीच नाही. आजी त्याला थांबवायला जाते, पण मिगेलचे वडील तिलाच थांबवतात. तो वाजवायला लागतो.

इथे अ‍ॅनिमेटरांनी जे केलं नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. खोलीत बाकी कोणी फारसं हलत नाही. कॅमेरा घाई करत नाही. आणि तिचा चेहरा एकदम उजळत नाही. आधी भुवया किंचित वर जातात, इतक्या की भास वाटावा. मग डोळे उघडतात, पण ते मिगेलवर नाहीत, अजून कुठेतरी लांब आहेत. मग गाल वर चढतात, आणि त्या डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या आपापल्या जागी येतात. चेहऱ्यावर पहिल्यापासून होत्या त्याच, फक्त आत्तापर्यंत त्यांना काम नव्हतं. मग ती गायला लागते. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे, एकही गाळता येणार नाही.

त्यानंतर ती रडणाऱ्या म्हाताऱ्या लेकीला विचारते, काय झालं गं? त्या क्षणी एलेना आजी राहत नाही, मुलगी होते. खांदे पडतात, मान खाली येते. दिवसभर चप्पल उगारणारी बाई लहान होते. आकार तोच, उंची तीच, नुसत्या पाठीच्या बाकाने.

---

सहातारा

यानंतर परत पाहणं आलं. आज रात्रीच.

---

वायअक्ष

@रेघोटी, सुरकुत्यांचं अगदी बरोबर. असे चेहरे करताना विश्रांतीची अवस्था आणि हसण्याची अवस्था एकत्र विचारात घेऊन घडवावी लागते. नाहीतर हसताना गाल फुगतो आणि सुरकुत्या दुसऱ्याच ठिकाणी पडतात, माणूस बदलल्यासारखा वाटतो.

---

शंकासूर_नाही

पोसादाबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे. पण परत पाहताना इमेल्दा नीट पाहिली आणि तिच्याबद्दल मात्र मनापासून लिहावंसं वाटलं.

ती सबंध चित्रपटभर ताठ आहे. पाठ सरळ, कोपरं अंगाजवळ, हात एकतर कमरेवर नाहीतर बूट उगारलेला. मग ती चुकून अर्नेस्टोच्या मंचावर सापडते, दिवा तोंडावर येतो आणि तिला 'ला योरोना' गावं लागतं. सुरुवातीला कोपरं अजून अंगाशीच आहेत, आवाज येतो पण शरीर तयार नाही. हेक्टर बाजूने गिटारची साथ देतो. हळूहळू मनगट सुटतं, मग कोपर, मग खांदा, आणि शेवटी हात पूर्ण लांब होतो. गाणं सोडल्याला किती वर्षं झाली हे त्या एका हाताच्या उघडण्यात मोजता येतं. बाई मुळात गाणारी होती हे तिने आधी मिगेलला सांगितलेलं असतं, पण खरं वाटतं ते इथे. कंबर नाजूक आहे ही तक्रार ठेवूनही, या प्रसंगातलं काम मला अव्वल वाटतं.